आजीचं माहेरचं नाव

अनेक आशीर्वाद.

आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर वाचला. 'प्रेमळ, कष्टाळू, सर्वांना सांभाळून घेणारी.' बाळ, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळात ही ओळ आम्ही कधी सुटी करतच नसू. जुळवलेली तशीच बाजूला ठेवायची, फक्त वरचं नाव बदलायचं.

आणि तुझ्या मजकुरात नावही अर्धंच आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं तेवढं आहे. त्याआधी सोळा-सतरा वर्षं तिला कुठल्या नावानं हाक मारत होते? आजोबांना विचार, पण एकटे असताना. त्या पिढीचे पुरुष सुनांसमोर बायकोबद्दल बोलत नाहीत. 'तुम्ही तिला काय म्हणायचात?' यावर बहुधा 'अगं, ऐकलं का' एवढंच निघेल. तेच लिही.

सालं विचारत बसू नकोस, कुणाला आठवत नाहीत. प्रसंग विचार. सासर पाटणकडचं, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तिथल्या कुठल्याच घरात विसरलेली नसणार. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं, एवढं विचारलंस की मुलांच्या जन्माचा हिशेब आपोआप लागेल. माहेर माणदेशातलं, तिथं १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचार. खडी फोडायला घरातलं कोण गेलं, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची. एकदा भाकरीवर आल्या की बायका थांबत नाहीत.

आई सांगेल ती सासू आणि आत्या सांगेल ती आई, या दोघी एक वाटणार नाहीत. त्यांचा मेळ घालू नकोस. दोन्ही छाप. आत्या रुसेल थोडे दिवस.

माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या कितीतरी यायच्या. मला दीड आठवते. दुसरीचा शेवट मीच जुळवला असावा असा संशय आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. ओवीबरोबर ती गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. आमच्या घरात लिहिता येणारा मी एकटा होतो, आणि मी त्या वेळी शहरात दुसऱ्यांचे शोकसंदेश तपासत होतो.

आजीची ट्रंक अजून कुणी आवरली नसेल तर आवरू देऊ नकोस. आत काय आहे याची आधी यादी कर, अगदी चिंध्या आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसकट.

आजीच्या पाटणच्या थोरल्या जाऊबाई ऐंशीच्या पुढं आहेत म्हणतेस. पुस्तिका महिनाभर लांबली तरी चालेल. या रविवारी एसटीनं जा. जाताना मिश्रीची डबी ने, आणि त्या दात घासत असताना मध्ये बोलू नकोस.