चांदीची वीट की नाणे? आधी पॉलिसीचा हप्ता भरा

नाशिकच्या सातपूर येथील एका वाचकांच्या पत्राचा सारांश: "वय ५७, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरी, निवृत्तीला १३ महिने आहेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख येतील. घरखर्च महिना ४५ हजार. बँकेतील ६ लाखांच्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. दिवाळीत मी सिंहस्थाची चित्रे असलेल्या १२ चांदीच्या नाण्यांचा क्रमांकित संच ८४ हजारांना घेतला. २०२७ च्या सिंहस्थापर्यंत किंमत दुप्पट होईल, असे विक्रेते सांगतात. ठेवीच्या पैशांतून असे आणखी ७ संच घ्यावेत, की सराफ बाजारातून साध्या विटा घ्याव्यात? आरोग्य विम्याचा ३४ हजारांचा हप्ता यंदापासून भरलेला नाही, कारण ९ वर्षांत एकदाही दावा करावा लागला नाही, कंपनीचा विमा आहेच आणि माझा मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे. ती रक्कमही दरवर्षी चांदीतच घालणार आहे."

तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर एका ओळीचे आहे. या दोहोंत निवड करायची तर साधी चांदी घ्यावी, आणि तीही ६ लाखांची नव्हे. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिले आहे, ते मात्र या प्रश्नापेक्षा फार महाग पडणारे आहे. तुमचे पत्र आले तेव्हा हप्त्याची तारीख उलटून १२ दिवस झाले होते, आणि वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. म्हणून छपाईची वाट न पाहता तुम्हाला दूरध्वनीवरून हप्ता भरण्यास सांगितले. तुम्ही "बघतो" म्हणालात, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

९ वर्षे सलग चाललेल्या पॉलिसीत तुमचे सर्व प्रतीक्षाकाळ (ठरावीक आजारांसाठी दावा करता येत नाही तो सुरुवातीचा काळ) संपलेले आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ५ वर्षे चालू राहिली, की सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती दडवल्याचे कारण पुढे करून विमा कंपनीला दावा नाकारता येत नाही. हे संरक्षण तुम्ही ९ हप्ते भरून कमावले आहे, आणि सवलतीची मुदत संपली की ते जाते. त्यानंतर ५८ व्या वर्षी, मधुमेह असताना नवी पॉलिसी मागायला गेलात तर विमा कंपनी नकार देऊ शकते. दिलीच तर आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. कंपनीचा विमा बहुतेक कारखान्यांत निवृत्तीच्या दिवशीच संपतो, म्हणजे ज्या वर्षी खरी गरज सुरू होणार त्याच वर्षी तुम्ही उघड्यावर याल. ९ वर्षांत दावा झाला नाही याचा अर्थ ४८ ते ५७ या वयात तुमची प्रकृती चांगली राहिली, इतकाच आहे. पुढच्या १० वर्षांबद्दल त्यातून काहीही कळत नाही. शिवाय वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. करामुळे हप्ता जड वाटत होता तेव्हा तुम्ही तो भरलात आणि कर गेल्यावर थांबवलात.

आता हीच रक्कम चांदीत मोजू. भाव रोज हलतो, म्हणून हिशेबापुरता ग्रॅमला २०० रुपये धरतो. तुम्ही त्या दिवशीचा भाव घालून पाहा. ३४ हजारांत १७० ग्रॅम चांदी येते. पुढच्या वर्षी अँजिओप्लास्टी करावी लागली आणि बिल अडीच लाखांचे झाले, तर या १७० ग्रॅमने त्याचा सातवा हिस्साही भागणार नाही. उरलेले पैसे उभे करण्यासाठी त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने विटा मोडाव्या लागतील.

आता संचाकडे वळतो. तुम्ही बिलाची प्रत जोडलीत हे बरे केलेत. त्यावर वजन नाही, शुद्धता नाही, ग्रॅमचा भाव नाही. "संच, नग १" एवढेच लिहिले आहे आणि पुढे रक्कम. वजन मला तुमच्या पत्रावरून काढावे लागले: १२ नाणी, प्रत्येकी २० ग्रॅम, एकूण २४० ग्रॅम, म्हणजे ४८ हजारांची चांदी. उरलेले ३६ हजार निळ्या मखमलीचा डबा, अनुक्रमांक आणि विक्रेत्याने स्वतःच्याच सहीने दिलेले प्रमाणपत्र यांचे आहेत. चांदी ७५ टक्क्यांनी वाढली तर कोठे तुमची मुद्दल सुटेल. आणखी ७ संच घेतलेत, तर ५ लाख ८८ हजारांत पावणेदोन किलोहून थोडी कमी चांदी हाती येईल. तेवढ्याच पैशांत ३ टक्के जीएसटी भरूनही साधी चांदी २ किलो ८५० ग्रॅमच्या आसपास मिळते. दोहोंतील फरक १ किलो १७० ग्रॅमच्या घरात जातो, आणि तो ज्याच्या खिशात जाणार तोच तुम्हाला दुप्पट होण्याची हमी देत आहे, तीही तोंडी.

शिवाय त्यांना नाणी म्हणणेही बरोबर नाही. आपल्याकडे चलनी नाणी सरकारच्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींतच पाडली जातात (नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी पाडत नाहीत). खासगी विक्रेता विकतो ते नाण्याच्या आकाराचे पदक असते. सरकारी स्मारक नाणेसुद्धा चांदीच्या हिशेबाने तपासूनच घ्यावे: २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त काढलेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आहे, पण त्यात चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम आहे.

नाण्याला धातूपेक्षा जास्त किंमत येते ती दुर्मिळतेमुळे, आणि ते हवे असणारे संग्राहक असतात म्हणून. आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया घ्या. तो ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २,१०० रुपयांचा माल. शंभराहून अधिक वर्षे जुना असूनही साध्या सालाचा असेल तर तो चांदीच्या किमतीहून फार वर जात नाही, कारण असे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. उलट १९३९ च्या रुपयाला संग्राहक मोठी रक्कम मोजतात, कारण तो हाती लागत नाही, आणि म्हणूनच त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. तुम्ही त्र्यंबक रस्त्यावरच राहता. एखाद्या रविवारी अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेतील संग्रहालय पाहून या. नाण्यांचा अभ्यास हा आयुष्यभराचा छंद आहे, १३ महिन्यांची गुंतवणूक नव्हे.

साध्या चांदीबद्दलही आशा आवरती ठेवा. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात चांदी औंसाला (सुमारे ३१ ग्रॅम) ५० डॉलरजवळ पोहोचली आणि मार्चअखेर कोसळली. एप्रिल २०११ मध्ये ती पुन्हा ४९ डॉलरजवळ गेली, आणि मार्च २०२० मध्ये १२ डॉलरच्याही खाली उतरली. ५० चा उंबरठा तिने खऱ्या अर्थाने ओलांडला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. डॉलर महागत गेल्याने रुपयातला भाव एवढा वाईट दिसत नाही, हे खरे. पण २०११ मध्ये निवृत्त होऊन सगळी शिल्लक चांदीत घातलेल्या माणसाने पुढची ९ वर्षे कशी काढली असतील, याचा विचार करा. चांदीची निम्म्याहून अधिक मागणी उद्योगांतून, सौर पॅनेल आणि विद्युत उपकरणांतून येते, त्यामुळे मंदीत ती सोन्यासारखी तग धरीलच असे नाही.

म्हणून ६ लाखांची वाटणी अशी करा. ३४ हजार हप्त्याला. ४ लाख ६६ हजार पुन्हा बँकेत ठेवीत, कारण निवृत्तीपर्यंत तुमच्या हाताशी दुसरे मोकळे पैसे नाहीत. चांदीची हौस असेल तर फार तर १ लाख, आणि तेही सिल्व्हर ईटीएफमध्ये (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या चांदीच्या फंडात) चार हप्त्यांत. ईटीएफला तिजोरी लागत नाही, आणि १२ महिन्यांनंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. विटेला त्याच दरासाठी २४ महिने थांबावे लागते. वीटच हवी असेल, तर वजन, शुद्धता आणि भाव लिहिलेले पक्के बिल घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंवर एचयूआयडी या प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह हॉलमार्क मिळू शकतो. तो ऐच्छिक आहे, तरी मागा. विकताना किती वजावट होईल हे घेतानाच विचारा. विटा तारण ठेवून बँकेतून कर्ज मिळेल या भरवशावरही राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत दागिन्यांना आणि ठरावीक वजनापर्यंतच्या नाण्यांना मुभा आहे, विटांना नाही.

घरातला संच मोडीत काढला तर साधारण ४६ हजार येतील. तो ठेवलात काय नि विकलात काय, तुमच्या निवृत्तीवर फारसा परिणाम होणार नाही. मात्र दुसरा संच घेण्यापूर्वी हाच डबा प्रमाणपत्रासह त्याच विक्रेत्याकडे न्या आणि "आज परत किती रुपयांना घ्याल, ते लिहून द्या" असे सांगा. तो जो आकडा लिहून देईल तो मला कळवा, आणि त्याच पाकिटात हप्त्याच्या पावतीची प्रत घाला.