हळदीचा डाग, शिळा बांगडा आणि बॅटरी : तुमचे प्रश्न

मागच्या वेळी रंग बदलणाऱ्या आणि चार्ज साठवणाऱ्या रेणूंबद्दल लिहिलं होतं, त्यावर ढीगभर प्रश्न आले, त्यातले चार घेतेय.

ताई, मुलाच्या शर्टावरच्या आमटीच्या डागाला साबण लावला तर तो लाल झाला. हळदीत भेसळ आहे का? (चिपळूणहून एक आई)

नाही हो, लाल झाल्यावरून तसं म्हणता येत नाही, खरी हळद असंच करते. साबण अल्कलीवाला, तो कर्क्युमिनचा (हळदीतला पिवळा रंग) प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, काढून घेतो, मग रेणू प्रकाशातला वेगळा भाग शोषतो आणि आपल्याला लाल दिसतं. कुंकूसुद्धा हळदीला खार देऊनच लाल करायचे की! लिंबू पिळा, परत पिवळा.

सेन्सर आणि बॅटरी ही दोन वेगळी कामं, एकच रेणू दोन्हीकडे कसा? (बीएस्सी, दुसरं वर्ष)

वा, मस्त प्रश्न. पॉलीअनिलीन घे, हा पॉलिमर (लांबलचक साखळीसारखा रेणू) बीकरमध्येच बनतो (मी पहिल्यांदा केला तेव्हा बोटं दोन दिवस हिरवी होती, ग्लोव्ह्ज घाल बाबा). हिरवा असताना त्यातून वीज वाहते. अमोनिया आला की प्रोटॉन ओढून नेतो, रंग निळ्याकडे झुकतो, रेझिस्टन्स चढतो, झाला सेन्सर. शिळ्या बांगड्यातून सुटणारे अमाइन्सही (अमोनियाचे भाऊबंद) असेच पकडता येतात. आता त्याच साखळीतून वायरने इलेक्ट्रॉन काढ, हिशोब जुळवायला इलेक्ट्रोलाइटमधले (बॅटरीतल्या द्रावणातले) आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत शिरतात, उलटं केलंस की बाहेर, झालं स्टोरेज. भानगड अशी की सेन्सरला चिमूटभर गॅसने हलणारा रेणू लागतो आणि बॅटरीला आपण सांगेपर्यंत ढिम्म बसणारा, म्हणून सेन्सरसाठी पातळ फिल्म बनवतात आणि स्टोरेजसाठी भरपूर माल पण सच्छिद्र, बऱ्याचदा कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिबारीक नळ्यांवर) चढवलेला.

मग मोबाईलच्या बॅटरीत पॉलीअनिलीन का नाही?

आयन आत-बाहेर करताना पॉलिमर फुगतो, आक्रसतो, शेवटी तडे जातात. वजनाला हलका, पण जागा खूप खातो. आणि सेन्सरवाल्यांनी फार हसू नये, दमट हवेनेही त्याचं रीडिंग हलतं, आपल्या पावसाळ्यात विचारूच नका.

असं काही प्रत्यक्ष बघायला मिळेल का? (एक शाळामास्तर)

मिळेल की सर, रस्त्यावरच. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरना बाजूला काचेचा डबा लटकलेला असतो, ब्रीदर म्हणतात त्याला, आत ओलावा टिपणारी सिलिका जेल. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, पाणी शोषलं की गुलाबी, भट्टीत तापवलं की परत निळं. कोबाल्ट तब्येतीला वाईट म्हणून आता नारिंगीची हिरवी होणारी जेलही वापरतात. पोरांना कुंपणाबाहेरूनच दाखवा, आणि सगळी गुलाबी दिसली तर वायरमनला तेवढं सांगा.