पारशी धर्माचा संस्थापक झरथुष्ट्र, त्याच्या नावाचा अर्थ 'सोनेरी तारा' असं वाचलं, ते खरं आहे का? नावात उंट आहे असंही कोणी म्हणतं, ते कसं?

उंटवाले बरोबर आहेत. ताऱ्याचं खूळ जुनं आहे, ग्रीकांपासूनचं. त्यांच्या तोंडी हे नाव 'झोरोआस्ट्रेस' झालं, त्यांच्याकडे ताऱ्याला 'आस्तेर' म्हणतात, मग काय, दिलं जुळवून!

अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, मूळ नाव झरथुश्त्र. त्यातला 'उश्त्र' म्हणजे संस्कृत उष्ट्र, आपला उंटही त्यातूनच आलेला. एवढ्या मोठ्या धर्मसंस्थापकाच्या नावात उंट कसा, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण त्या लोकांची संपत्तीच जनावरं होती आणि आसपासची नावं बघा ना, वडील पोउरुशस्प म्हणजे करड्या घोड्यांचा धनी, आश्रय देणारा राजा विश्तास्प म्हणजे ज्याचे घोडे मोकळे सोडलेत असा, आणि परंपरेनुसार सासरे फ्रशओश्त्र, तिथे परत उंट आहेच. संस्कृतातला 'श्व' अवेस्तात 'स्प' होतो, म्हणून अश्वाचा अस्प. समास बहुव्रीहि, शाळेतला 'लंबोदर' आठवतोय ना, तोच. आपल्याकडे ऋग्वेदात श्यावाश्व नावाचा ऋषी आहे, काळपट घोड्यांचा, म्हणजे फॅशन दोन्हीकडे सेम होती.

आता 'झरथ'चं काय? सगळ्यात जास्त मान्य अर्थ 'म्हातारा', संस्कृत जरत्, आपल्या 'जरठ'चा भाऊबंद. म्हणजे ज्याचे उंट म्हातारे आहेत असा! काही जण 'उंट हाकणारा' म्हणतात. अडचण अशी की 'जरत्'शी जुळवायचं तर मध्ये 'त' हवा आणि तिथे बसलाय 'थ', आणि नेमकं तिथेच अभ्यासकांचं घोडं अडतं (उंट म्हणा हवं तर). मला स्वतःला म्हाताऱ्या उंटात काही खटकत नाही. आपल्याकडे मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायचेच की.

पण सगळी नावं जनावरांची नाहीत हां, राजे लोक आले की नावं एकदम भारदस्त होतात. प्राचीन इराणचा सम्राट, इतिहासात आपण ज्याला डरायस म्हणून शिकलो तो, स्वतःला दारयवउश म्हणवायचा, त्याचं शब्दशः संस्कृत केलं तर धारयद्वसु, जे चांगलं ते धरून ठेवणारा. इथे वसुमधला 'स' इराणी बाजूला 'ह' झाला आणि जुन्या पर्शियनच्या कोरीव लेखात तर तोही लिहायचा राहिला. सप्तचं 'हप्त' असंच झालं, आपण बँकेत भरतो तो हप्ता त्याच घराण्यातला. गंमत म्हणजे या धारयद्वसुच्या बापाचं नावही विश्तास्पच होतं, पण माणूस वेगळा, तेवढी गल्लत करू नका.

आणि अर्तख्शस्स, म्हणजे ग्रीकांचा आर्टाझर्क्सीस, हे इराणी राजांचं आणखी एक नाव सरळ ऋत + क्षत्र आहे, ज्याचं राज्य सत्यावर चालतं असा. हेच नाव शतकानुशतकं घासत घासत अर्दशीर झालं आणि पारशी लोकांबरोबर मुंबईत आलं. अर्देशीर गोदरेज, ज्यांनी 1897 साली कुलुपांचा कारखाना काढला, त्यांचं नाव हेच. आजीच्या खोलीतलं ते हिरवं लोखंडी कपाट उघडताना आता मला हटकून ऋतक्षत्र आठवतो.