एडमंटनचं 'हीटेड गॅरेज' आणि आपली पडवीची सवय

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरअखेर नाशिकहून कॅनडात एडमंटनला येताय, भाड्याचं घर ठरलंय आणि 'हीटेड गॅरेज' म्हणून जो फोटो आलाय त्यात छताला साखळ्यांनी टांगलेली पत्र्याची लांबलचक पन्हळ दिसतेय. ती चालते कशी, धोका किती, दरवर्षी काय काय करावं लागतं आणि फेब्रुवारीत आईबाबा आले की बाबांना सकाळी तिथे योगासनं करता येतील का, हे तुमचे प्रश्न. शेवटचा वाचून हसू आलं. आमच्याकडे पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी हेच विचारलं होतं.

मी चिंचवडची, इथला हा माझा अकरावा हिवाळा. नवरा चौदा दिवस फोर्ट मॅकमरीला, तेलखाणींच्या कॅम्पवर आणि सात दिवस घरी, त्यामुळे बर्फ उपसण्यापासून गॅरेजच्या हीटरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात आहे. मी गॅसफिटर नाही. इतकी वर्षं वापरून, दोनदा तोंडघशी पडून जे कळलं ते सांगते.

फोटोतली वस्तू म्हणजे इन्फ्रारेड ट्यूब हीटर. एका टोकाला डबा असतो, त्यात बर्नर आणि छोटा पंखा. ज्योत पोलादी नळीच्या आत जळते, गरम वायू नळीभर फिरून दुसऱ्या टोकाने भिंतीतून किंवा छतातून बाहेर पडतात. तापलेल्या नळीची धग वरची चकचकीत पन्हळ खाली परतवते. हा हीटर हवा तापवत बसत नाही. समोर जे असेल ते तापवतो, म्हणजे फरशी, गाडी, हत्यारं, तुम्ही. डिसेंबरात गच्चीवर कोवळ्या उन्हात बसलं की तोंड ऊबदार आणि पाठ गार राहते, तसंच इथे होतं. याचा फायदा असा, की मोठं दार उघडल्यावर हवा सगळी निघून गेली तरी काँक्रीट तापलेलं राहतं आणि दार लावलं की थोड्या वेळात पुन्हा बरं वाटतं.

डब्यावर एक प्लेट असते, तिच्यावर बीटीयूचा, म्हणजे गॅस जाळून तासाला किती उष्णता काढतो त्याचा, आकडा असतो. आमचा ४५,००० चा आहे. घरच्या भाषेत सांगायचं तर आपला १४.२ किलोचा सिलिंडर याला जोडून सलग चालवला, तर चौदा तासांच्या आसपास रिकामा होईल. इथलं गॅसचं बिल गिगाज्यूलमध्ये येतं. एका गिगाज्यूलवर तो साधारण २१ तास चालतो. अर्थात थर्मोस्टॅट असल्यामुळे तो सलग चालत नाही. मी एरवी ५ अंशांवर ठेवते आणि काही काम असेल तर तासभर आधी १२ वर नेते. वीस-बावीस ठेवणारे लोक आहेत. पैसे तर जातातच, शिवाय रस्त्यावर टाकलेलं मीठ मिसळून गाडीखाली चिकटून आलेलं बर्फ रोज वितळतं आणि मिठाचं पाणी उबेत पत्र्याला जोरात गंजवतं. गॅरेज दिवाणखाना नाही, हे आधी स्वतःला पटवावं लागतं.

आणि तेच आपल्या लोकांना पटत नाही. आपण गॅरेजची पडवी करतो. चपलांचा रॅक, तांदळाची पोती, आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या बॅगा, वाळत घातलेले कपडे, सगळं तिकडे जातं. हीटर बिचारा ठरल्याप्रमाणे चालत असतो, आपणच त्याच्या अंगावर सामान नेऊन ठेवतो.

आमचंच सांगते. दुसऱ्या वर्षी छताला रॅक लावून घेतला आणि त्यावर खोकी चढवली. जानेवारीत एके संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले तर मेणबत्ती विझल्यासारखा वास. वर बघितलं तर एका खोक्यातून आकाशकंदील अर्धा बाहेर आलेला. त्याची नळीकडची बाजू तपकिरी झाली होती, प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या आखडून एकमेकींना चिकटल्या होत्या. खोक्याला हात लावला तर चटका बसला. तो कंदील नळीला टेकला नव्हता, चांगला दोन हात लांब होता! किती अंतर मोकळं सोडायचं हे प्लेटवर स्पष्ट लिहिलेलं असतं, बाजूला इतकं, वर इतकं, खाली इतकं. खालचा आकडा सगळ्यात मोठा, कारण धग खालीच फेकली जाते. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून शेजाऱ्याला विचारून उपयोग नाही. आपलीच प्लेट वाचायची. बर्नरकडचं टोक सगळ्यात तापतं, तिकडे जास्त जागा सोडा.

अंतर मोजताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक म्हणजे गाडीची उघडी डिकी. गाडी उभी असताना छत लांब वाटतं, डिकी वर गेली की ती नळीच्या पार जवळ येते. दुसरी म्हणजे गॅरेजचं मोठं दार. ते वर सरकून छताला समांतर आडवं होतं, तेव्हा त्याची वरची कड हीटरच्या किती जवळ जाते ते दार उघडं ठेवूनच मोजा. टेप मात्र हीटर बंद आणि गार असताना लावायची.

आता फरशीकडे या. पेट्रोलची, थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून गॅरेजमधलं ज्योत किंवा ठिणगीचं कुठलंही उपकरण फरशीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच असावं असा नियम आहे. छतावरच्या हीटरचा तो प्रश्न नाही, पण पाणी तापवायची टाकी गॅरेजमध्ये असेल तर बघून घ्या. पेट्रोलचा कॅन, रंग, थिनर हीटर असलेल्या गॅरेजमध्ये ठेवूच नका. काही सॉल्व्हंटमध्ये क्लोरीन असतं. त्याची वाफ बर्नरमध्ये ओढली गेली की आम्ल तयार होतं आणि नळी आतून खाते. बार्बेक्यूचा प्रोपेनचा सिलिंडर बारा महिने घराबाहेरच ठेवायचा, बर्फात असला तरी.

वासाचंही एक सांगते. घरी सिलिंडरच्या बाबतीत आपल्याला शिकवलेलं असतं, की गॅस खाली बसतो. शहरात पाइपने येतो तो नॅचरल गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, वर जातो. शहराबाहेर टाकीतला प्रोपेन असेल तर मात्र आपल्या घरच्यासारखा खाली. दोन्हींत सडक्या अंड्यासारखा वास मिसळलेला असतो. तो आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, बंदही करायचं नाही. आणि गॅरेजचं मोठं दार उघडायचं बटणही नाही, कारण तेही मोटर चालू करतं, आणि घाबरलेल्या माणसाचा हात नेमका तिकडेच जातो. सगळ्यांना घेऊन माणसांच्या दाराने बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावर फोन करा.

तळणाचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण दिवाळीत तो मोह होणार. घरात वास नको म्हणून गॅरेजमध्ये पोर्टेबल शेगडीवर चकल्या तळणारी घरं मला माहीत आहेत. त्या शेगडीचा धूर बाहेर नेणारी नळी नसते. छतावरच्या हीटरला व्हेंट, म्हणजे धूर बाहेर सोडणारी वाट, आहे म्हणून बाकी सगळ्याला मोकळीक मिळत नाही. तीच गोष्ट गाडीची. उणे तीसमध्ये गाडी गरम करायला गॅरेजमध्ये चालू ठेवायची नाही, मोठं दार उघडं असलं तरीही नाही. सुरू केली की लगेच बाहेर.

घर आणि गॅरेज यांच्यामधलं दार आपोआप बंद होतं. ते बांधकामाच्या नियमानेच तसं असतं, कडेला रबरी पट्टीही असते. पोहोचल्या दिवशी बघाल, आधीच्या भाडेकरूने तिथे दार अडवायला वीट ठेवलेली असेल. ती फेका. आमच्याकडे सासूबाई 'वारा खेळू दे' म्हणून पायपुसणं अडकवून ठेवायच्या. शेवटी गाडीच्या नाहीतर शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड काय करतो ते समजावलं तेव्हा थांबल्या. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. नवीन आलेला माणूस म्हणतो, जेटलॅग असेल, हवा कोरडी आहे. घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं झालं तर शंका घ्या आणि घर सोडा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लागतो. हवेत तो ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) असेल तर तो एक ते चार तासांत वाजतो, ४०० असेल तर चार ते पंधरा मिनिटांत. चार टिवटिव, मग थांबा, पुन्हा चार, असा आवाज म्हणजे खरा इशारा. मिनिटामिनिटाला एकच टिव म्हणजे बॅटरी संपत आलीय. मागे छापलेली तारीख वाचा. बॅटरी नवी घातली म्हणून जुना अलार्म नवा होत नाही, आतला सेन्सर काही वर्षांत म्हातारा होतो.

हीटर पेटण्याचा क्रम कानाने ओळखायला शिका, अर्धी देखभाल तिथेच होते. थर्मोस्टॅट वाढवला की आधी नुसता पंखा फिरतो. काही सेकंदांनी टिक-टिक होते किंवा इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारी काडी, लाल होतो, मग गॅसचा झडप उघडल्याचा 'टक्', आणि बारीक भस्स. त्यानंतर नळी तापून लांबते तेव्हा पाचदहा मिनिटं टकटक, कडकड चालते. पहिल्या रात्री मी चोर समजून काठी घेऊन गेले होते. नळी अशी लांबते म्हणूनच गॅसची लवचीक नळी मुद्दाम वळण देऊन सैल जोडलेली असते. ती ओबडधोबड दिसते म्हणून ताणून नीट करायला जाऊ नका.

जानेवारी २०२४ च्या त्या भयंकर थंडीत आमचा पंखा नुसताच फिरत राहिला, टिक-टिक नाही. बाहेर जाऊन बघितलं तर व्हेंटच्या तोंडावर बर्फाचा पांढरा बोळा. जळलेल्या गॅसमध्ये भरपूर वाफ असते, ती तोंडाशीच गोठली होती. वाट बंद आहे हे आतल्या प्रेशर स्विचला कळलं आणि त्याने गॅस सोडलाच नाही. थर्मोस्टॅट खाली केला, लाकडी दांड्याने हलकेच बोळा पाडला, मग पेटला. दुसऱ्या एका वर्षी वेगळंच. पेटायचा, चार सेकंदांत विझायचा, तीनदा तसं करून गप्प. मी वेड्यासारखी थर्मोस्टॅट खालीवर करत बसले. फिटर आला तेव्हा चांगलाच ओरडला, कारण पुन्हा पुन्हा प्रयत्न केले की न जळलेला गॅस नळीत साठू शकतो. एकदा बंद करून, थांबून पुन्हा लावून बघा. नाही पेटला तर फोन करा. दोष अगदी किरकोळ निघाला होता: ज्योत आहे की नाही हे बघणारी पेन्सिलएवढी काडी काजळली होती. त्याने ती काढून घासली, झालं.

भाडेकरू म्हणून तुमच्या हातात एवढंच, की सप्टेंबरात, थंडी पडायच्या आत, बाहेरून व्हेंटमध्ये गांधिलमाशीचं किंवा पाखराचं घरटं नाही ना बघायचं. हीटर गार असताना पन्हळीवरची धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसायची, साखळ्या आणि आकडे जागेवर आहेत का, नळीचे सांधे सुटलेले किंवा काळे पडलेले नाहीत ना, हे नजरेने बघायचं. हंगामात पहिल्यांदा लावला की धूळ जळल्याचा वास येतो, तो अर्ध्या तासात जायला हवा. डबा उघडायचा नाही, गॅसच्या जोडणीला पाना लावायचा नाही. ते परवानाधारक गॅसफिटरचं काम आणि खर्च घरमालकाचा. करारात वर्षाला एक तपासणी लिहून घ्या. आमचा आधीचा घरमालक 'अजून चालतोय ना' म्हणत तीन हिवाळे टाळत राहिला होता.

वीज गेली तर हाही बंद पडतो, गॅस असला तरी, कारण पंख्याला वीज लागते. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अल्बर्टात सगळ्यांच्या फोनवर वीज वाचवण्याचा इशारा आला, तेव्हा मी घरातलं एकेक बटण बंद करत हाच विचार करत होते. तशा वेळी गॅरेजला थंड होऊ द्यावं. बाहेरचा बार्बेक्यू आत आणू नये.

बाबांच्या योगासनांचं म्हणाल तर बेसमेंट बरं. गॅरेजच हवं असा हट्ट असेल, तर गाडी बाहेर काढून बराच वेळ झालेला असावा आणि चटई नळीच्या थेट खाली नसावी. बुटक्या छताखाली शवासनात कपाळ तापतं आणि पाठीखालचं काँक्रीट कळेपर्यंत माणूस गारठतो. सासऱ्यांनी दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच गुंडाळी घेऊन खाली गेले.

करारावर सही करायच्या आधी घरमालकाकडून तीन फोटो मागवा: हीटरची प्लेट अक्षरं वाचता येतील अशी, बाहेरचं व्हेंटचं तोंड, आणि मोठं दार पूर्ण उघडं असताना आतलं छत. आले की इथेच टाका, मी बघून सांगते.