वाचकांचे प्रश्न : दगडी बंगल्याची ओल

प्रश्न : चिखलदऱ्याजवळच्या आमच्या इंग्रजकालीन काळ्या दगडाच्या बंगल्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून घेतल्या. तेव्हापासून आतला गिलावा फुगून पडतो. दगडच पाणी धरतो का?

उत्तर : नाही हो, काळा दगड फारसं पाणी पीत नाही. दोष सिमेंटचा. भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या दरजांतून बाहेर सुकायची. ती वाट बुजली की ओल आत वळते आणि क्षार गिलाव्याला फुगवतात. याउलट इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या माँटाक्यूट हाउस या जुन्या हवेलीचा हॅम नावाचा दगड मऊ, सच्छिद्र. अशा दगडात सिमेंट भरलं तर दगडाचेच पापुद्रे सुटतात.

सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ग्राइंडर नकोच, दगडाच्या कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. दरज रुंदीच्या दुप्पट, किमान 25 मिलिमीटर खोल उकरा, धूळ काढा, पाणी मारा. एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली जाड रेती. दाबून भरा, आठवडाभर ओलं गोणपाट लावा. काम दिवाळीनंतर काढा; वैशाखात चुना धरण्याआधीच सुकतो, मग बोटाने उकरला तरी भुगा पडतो. नवा गिलावाही चुन्याचाच, तोही भिंत पूर्ण सुकल्यावर.