ऑर्थो की कॉन्स? आधी हप्त्याचा आकडा मांडू

डॉक्टर, मेल दोनदा वाचला. तुमचं वय २५, बीडीएस झालंय, कोल्हापुरात एका क्लिनिकमध्ये महिना १८ हजारांवर काम करताय आणि एमडीएससाठी (दातांच्या डॉक्टरचं तीन वर्षांचं पुढचं शिक्षण) दोन सीट समोर आहेत, कोणती घेऊ असं विचारताय. ऑर्थोची, म्हणजे तारा लावून दात सरळ करण्याच्या शाखेची, फी वर्षाला १० लाख, कॉन्स-एन्डोची, म्हणजे फिलिंग आणि रूट कॅनालच्या शाखेची, ७ लाख, दोन्ही प्रायव्हेट. बाबा जिल्हा परिषद शाळेतून येत्या मे महिन्यात रिटायर होतायत आणि म्हणतात "ऑर्थोच घे, माझी ग्रॅच्युइटी आहे". घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की पैसा ऑर्थोलाच आहे.

पैसा आहे, नाही असं नाही. पण तो येतो कसा ते बघा. माझ्या मुलीच्या दातांना तारा लावल्या तेव्हा सुरुवातीला थोडी रक्कम दिली आणि मग दीड-दोन वर्षं दर व्हिजिटला थोडे थोडे, त्यातही दोनदा पाकीट घरी विसरलो आणि डॉक्टर हसून "पुढच्या वेळी द्या" म्हणाले. म्हणजे केस आज सुरू झाली तरी पैसे दोन वर्षांत पसरून येतात, आणि घरात खर्च निघाला की लोक तारा पुढच्या वर्षावर ढकलतात. रूट कॅनालचा पेशंट असं ढकलत नाही, तो रात्रभर गाल धरून बसलेला असतो आणि सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी दारात हजर, दोन-तीन सिटिंगमध्ये काम आणि पैसे दोन्ही पूर्ण.

फीसाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर बँक मात्र दोन्ही शाखांना सारखीच. १०.५ टक्के व्याज धरलंय. ऑर्थोचे ३० लाख तीन वर्षांत उचलले, कोर्सनंतर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच, ते साध्या हिशोबाने साडेनऊ लाखांच्या आसपास. म्हणजे फेड सुरू होते साधारण साडेएकोणचाळीस लाखांवर आणि १० वर्षांसाठी हप्ता बसतो ५३ हजारांच्या पुढे. कॉन्सचा हाच हिशोब केला तर हप्ता ३७ हजारांच्या थोडा वर. महिन्याला १६ हजारांचा फरक, तुमचा आजचा पगारच जवळजवळ! आणि हा हप्ता सुरू होणार तेव्हा तुम्ही बॅग घेऊन पाच क्लिनिकमध्ये कन्सल्टंट म्हणून फिरत असाल, ऑर्थोच्या पहिल्या केसेसचे पैसे अजून अर्धेच आले असतील.

कॉन्सलाही खर्च आहे, मायक्रोस्कोप घ्यायचा म्हटलं की अंगावर काटा येतो, पण तो पहिल्या दिवशी लागत नाही, फिरत असताना तर नाहीच.

मेलच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की आरसीटी (रूट कॅनाल) करताना दोन तास कसे गेले कळत नाही आणि वायर बदलायचं काम कंटाळवाणं वाटतं. अहो, हे वर लिहायला हवं होतं! पुढची तीस वर्षं तेच करायचंय. माझं मत कॉन्स. फी सारखी असती तरी बहुतेक हेच म्हणालो असतो, पण तेव्हा इतकं ठामपणे नाही.

स्टायपेंड मिळेल असं धरून चालू नका, त्याच कॉलेजच्या थर्ड इयरवाल्याला फोन करून विचारा की खात्यात नक्की किती येतात. येत असतील तर त्यातून व्याज भरत राहा, पहिल्या वर्षी ७ लाखांवर ते महिन्याला ६ हजारांच्या आसपास होतं. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सूट देतात, सँक्शनच्या आधी विचारून घ्या. कर्जाला चिकटवून विमा विकायला येतील, तो नको, साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या. शैक्षणिक कर्जावरची टॅक्स सवलत फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत आहे, व्याजावर, आठ वर्षं, पण तिच्यासाठी कर्ज वाढवू नका.

आता बाबांचं. इतक्या मोठ्या कर्जाला बँक बहुतेक तारण मागेल, घर द्यावं लागेल आणि तेवढीच जोखीम पुरे. ग्रॅच्युइटीला हात नको. ५८ ला रिटायर झाले तरी पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सीनियर सिटिझन स्कीममध्ये (ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना) टाकता येतात, तीन महिने उलटले की ६० पर्यंत थांबावं लागेल. त्यामुळे हा फॉर्म ॲडमिशनच्या गडबडीत राहून जाऊ देऊ नका.