दुपारी माना टाकणारी टोमॅटो आणि फळ न धरणारा दुधी

प्रश्न (कागल परिसरातून एक ताई): परड्यातली टोमॅटो-मिरची दुपारी माना टाकते. दिवसातनं तीनदा पाणी घालतोय, तरी फुलं गळतात. दुधीला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. काय फवारू?

उत्तर: ताई, फवारणी राहू दे, आधी पाइप बंद करा. मे महिन्यातल्या दुपारी मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून रोप मान टाकतंच. बघायचं ते सकाळी सातला. तेव्हा पान ताठ असेल तर रोप तहानलेलं नाही. शंका आली तर बुडाशी दोन पेरं बोट खुपसा. काळ्या मातीत वर भेगा दिसतात आणि आत बोटाला ओल लागते. मी स्वतः नुसत्या भेगा बघून पाणी घालत राहिलो आणि मिरचीची चार रोपं मुळकुजीनं घालवली, कृषी अधिकारी असून!

पाणी सकाळी लवकर, एकदाच. खुरप्यानं भेगा मोडा आणि वर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडाला न चिकटवता. आपल्याकडं पाचटाला काय तोटा? कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मात्र ताजी घालू नका. कुजताना ती तापते, मुळं भाजतात.

पारा ३५ अंशांच्या वर गेला की टोमॅटोत परागीभवन नीट होत नाही आणि फूल गळतं. याला औषध नाही. पश्चिमेच्या बाजूला जुनं लुगडं बांधून दुपारचं ऊन अडवा. वळीव पडून गारवा आला की फुलं टिकायला लागतील.

आता दुधी. उन्हाळ्यात त्याला नर फुलं जास्त येतात. फुलाच्या मागं लव असलेला बोटाएवढा दुधी दिसला, की ती मादी. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळं सकाळी वेलाजवळ जाऊन उपयोग नाही. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागं मोडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. तीन-चार दिवसांत बारका दुधी पिवळा न पडता फुगू लागला तर जमलं. कारल्या-काकडीला हेच काम सकाळी करायचं.

हळद-आल्याचं बेणं राहिलं असेल तर मेअखेरपर्यंत लावून घ्या. आणि मांडवाची सुतळी एकदा ओढून बघा. प्लास्टिकची असेल तर उन्हानं कडक होऊन तुटते, आणि वळवाच्या वाऱ्यात वेलासकट मांडव खाली येतो.